दीडशे पुरे होती

हे मी आजपर्यंत कोणाला बोललो नाही. भावाला नाही, शेजारच्या अन्वरला नाही. टेकडीवरच्या देवीपुढे हात जोडतो तेव्हासुद्धा तोंड बंदच ठेवतो, जसं काही तिला ठाऊकच नाही. एका माणसाला सांगायचं होतं, ते माणूस आता नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी चौथी शिकलो. पेन हातात धरलं की जड वाटतं, पाना हलका वाटतो. जन्म गेला पडघ्याच्या नाक्याजवळ मोटरसायकली खोलण्यात. पत्र्याचं गॅरेज, बाजूला अन्वरचं पंक्चरचं दुकान, समोर हायवे. पूर्वी हायवेपलीकडे भाताची शेतं दिसायची, आता वडप्यापर्यंत नुसती गोदामं दिसतात. असो. गोदामांचं मला काही सांगायचं नाही.

मला सांगायचंय ते एका गाडीबद्दल. म्हणजे गाडीच्या इंजिनाबद्दल. म्हणजे — नाही, असं नको. आधी दुसरं सांगतो.

पोरगं पहिली स्पोर्ट गाडी घेणार असलं की आमच्या भागात ते आधी माझ्याकडे यायचं. कितीची घेऊ, म्हणजे किती सीसीची, विचारायचं. मी त्याला उलटं विचारायचो — आजवर काय चालवलंस? स्कूटर म्हणाला तर सांगायचो, दीडशेची घे, फार तर दोनशेची. वर जाऊ नको. मोठं इंजिन मूठ जराशी पिळली की झेपावतं. नवखा हात दचकतो, आणि दचकलेला हात मूठ सोडत नाही, आणखी पिळतो. छोटं इंजिन माणसाची चूक पोटात घालतं. आणि कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये चारशेचं इंजिन मांडीला असं भाजतं की पोरं रात्री बर्फ लावतात. दोन वर्षं छोटीवर हात बसव, मग मोठी घे, मी अडवणार नाही. हे मी इतक्या पोरांना सांगितलं की त्यातली कितीतरी आता बाप झाली.

निकेशला मी हे सांगितलं नाही.

निकेश माझा पुतण्या. धाकट्या भावाचा मुलगा. तुम्हाला वाटलं असेल, पोरगा मोठी गाडी घेऊन पडला आणि म्हातारा आता रडतोय. नाही. पोराला साधं खरचटलंही नाही. गाडी झकास चालवतो. कोणी पडलं असतं तर गोष्ट चारचौघांत तरी आली असती, लोकांनी मला विचारलं असतं, बोल लावला असता. हे कोणाला दिसलंच नाही.

माझी बायको द्वारका. आम्हाला मूल झालं नाही. भावाची बायको तेव्हा भिवंडीत लूमवर कांड्या भरायला जायची, सकाळची शिफ्ट, म्हणून निकेश लहानपणापासून आमच्या घरात. द्वारकेनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, त्याच्या तापात जागली. चांगलंच केलं की. मग मला काय झालं होतं?

सांगू काय झालं होतं? ताटात मासळी आली की मधला तुकडा निकेशला, शेपटी मला. मी घरात आलो की ती पाणी द्यायची आणि गप्प व्हायची. तो आला की घर बोलायला लागायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती दात दाखवून खळखळून हसताना मी पाहिली ती त्याच्याशी बोलताना. मी दाराआडून ऐकायचो. आपल्याच घरात, दाराआडून. आत गेलो तर हसणं थांबेल ही भीती, आणि आत गेल्यावर ते थांबायचंच.

हेवा म्हणतात त्याला. मी त्याला हेवा म्हणत नव्हतो. मी म्हणायचो, पोराला लाडावून ठेवलंय.

निकेश मोठा झाला, वडप्याच्या एका गोदामात सुपरवायझर लागला. भावाच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं होतं, भाडं येत होतं, त्यामुळे पोराला हवी ती गाडी घेता येणार होती. गाडीचं वेड त्याला गॅरेजमध्येच लागलं, माझ्या हाताखाली. एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसला होता, द्वारका तांदूळ निवडत होती. मी आत चहा पीत होतो.

"काकी, गाडी घेतली की पहिली तू बसायची मागं. देवीपर्यंत. टेकडी चढवतो तुला."

"आणि पडले तर?"

"तू पडलीस तर रस्ता फुटंल, तुला काय व्हायचं न्हाय."

"मेल्या!" आणि तिनं मूठभर तांदूळ त्याच्या अंगावर फेकले. मग पुन्हा वेचताना म्हणाली, "मला कदी कोणी मागं बसवून नेलंच न्हाय रं."

"काका?"

"तुज्या काकाच्या मागं पेटी बसते."

दोघं हसली. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, हे मला नीट कळलं. तिनं ते असं म्हटलं होतं जसं आपण म्हणतो, आमच्या विहिरीला पाणी नाही.

आणि ते खरं होतं. माझ्याकडे एक जुनी शंभरची गाडी आहे. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी, पाने-पकडी भरलेली, दोरीनं बांधलेली. लग्नानंतर लवकरच बांधली ती पेटी. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली की जायचं, म्हणून पेटी कायम मागं. द्वारका बाजाराला चालत जायची, नाहीतर टमटमनं. तिला माहेरी मी एसटीनं नेलं. आणि दुरुस्त केलेल्या गाड्यांची ट्रायल मारताना? गिऱ्हाईकाला मागं बसवून वडप्याच्या नाक्यापर्यंत न्यायचो — बघ शेठ, आवाज गेला की नाही. अर्धं पडघं माझ्या मागं बसलंय. गिऱ्हाईक बसलं, गिऱ्हाइकाची पोरं बसली, एकदा तर गिऱ्हाइकाची बकरी बसली. ती तेवढी नाही.

तिनं कधी मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे नको असतं का? मी तसंच धरून चाललो. सोपं होतं ते.

त्या संध्याकाळी मला माझी लाज वाटायला हवी होती. मला निकेशचा राग आला. माझ्या बायकोची इच्छा त्याला कळते, मला नाही — आणि तो ती पुरी करणार, गुडघे दुखणाऱ्या बाईला टेकडीवर नेणार, आणि गावभर होणार की काकीला पोरानं नेलं. पोरानं!

काही दिवसांनी तो गॅरेजवर आला. मोबाइलवर गाड्यांचे फोटो. एक दीडशेची पसंत केली होती त्यानं. दिसायला स्पोर्ट, पण शहाणी गाडी. मागची सीट पुढच्या सीटला लागून, लांब, सपाट. धरायला मागं दांडा. पाय ठेवायला खाली रुंद पट्टी. साडी नेसलेली बाई एका बाजूला आरामात बसेल अशी. त्यानं मला तेच दाखवलं. "काका, साडीगार्ड मोठा बसवून देशील ना? काकीचा पदर जायला नको चाकात."

पोरानं इंजिन नव्हतं बघितलं हो. सीट बघितली होती.

आणि मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला, बोटानं ते फोटो सरकवले आणि चारशेच्या गाडीवर थांबलो. ती गाडी मी उघडून पाहिलेली होती. पुढं झुकून चालवायची. मागची सीट म्हणजे वितभर तुकडा, तोही पुढच्यापेक्षा हातभर उंच, शेपटीसारखा वर गेलेला. पाय ठेवायचे ते गुडघे छातीला लावून. दांडा नाही. साडीगार्ड नावाला. तिच्यावर जीन्स घातलेली पोरगी बसते, दोन्ही बाजूंना पाय टाकून, चालवणाऱ्याला मिठी मारून. माझी साठी ओलांडलेली, गुडघे गेलेली, नेहमी साडीतली बायको तिच्यावर बसू शकणार नाही, हे मला त्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. जसं प्लगवरची काजळी बघून मला इंजिनाचं दुखणं दिसतं, तसं.

मी म्हणालो, "दीडशे काय घेतोस? काकीला टेकडीवर न्यायचं म्हणतोस ना? डबल सीट चढावर दीडशे दम सोडंल. मधी बंद पडली तर म्हातारीला चालवशील का? ताकद पायजे. चारशे घे."

खोटं. दीडशेची गाडी ती टेकडी दोघांना घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढते. मी स्वतः शंभरच्या गाडीवर पेटी, दोन टायर आणि एक बॅटरी लादून ती टेकडी चढलोय.

कळलं का मी काय केलं? नुसतं खोटं बोललो असतो तर त्यानं ऐकलं नसतं कदाचित. त्याच्या मनात काकीसाठी जी माया होती, तीच मी हातात घेतली आणि तिनंच त्याला वळवलं.

"पण काका, पहिलीच गाडी हाय माझी..."

"माझ्या हाताखाली शिकलास ना? मग घाबरतोस काय पोरीसारखा?"

तो गेला. अन्वर ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "उस्ताद," तो म्हणाला, "बच्चे की पहली गाडी है. सबको डेढ सौ बोलते हो, घर के बच्चे को चार सौ?"

"तू हवा भर," मी म्हणालो.

दसऱ्याला गाडी आली. सगळी आळी अंगणात. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, पोरांचे मोबाइल वर. द्वारकेनं सकाळीच डोक्यावरून अंघोळ केली होती. हिरव्या काठाची साडी, जी ती फक्त लग्नाला नेसायची, आणि केसांत वेणी. ती साठीची बाई त्या दिवशी — काय सांगू — नवरीसारखी सारखी पदर नीट करत होती. तिनंच गाडीला हळदकुंकू लावलं, टाकीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. निकेश पुढं बसला. गाडी गुरगुरली. सगळे म्हणाले, चला काकी.

ती मागं गेली. सीट तिच्या छातीला लागत होती.

तिनं एका हातानं निकेशचा खांदा धरला. पाय उचलला, पट्टीपर्यंत पोचला नाही. कोणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टूलवर चढली, बसायला वळली, त्या वितभर सीटवरून घसरली. भावाच्या बायकोनं कमरेला धरलं. पुन्हा चढली. गुडघा दुमडला तशी तोंडातून एक आवाज निघाला तिच्या, तो तिनं लगेच हसण्यात बुडवला. आळीतला एकजण ओरडला, "काकी, शिडी आणू का?" सगळे हसले. तीसुद्धा हसली. त्या दिवशी ती तोंडाला पदर लावून हसली.

निकेशचं तोंड उतरलं. तो सीट दाबून बघत होता, जशी ती दाबल्यानं खाली बसणार होती. ती त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "राहू दे रं. गाडी छान हाय. तू जाऊन ये, माझा नमस्कार सांग आईला."

आणि मग तिनं एकदाच, अंगणाच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं माझी शंभरची उभी होती. पेटी बांधलेली. मग माझ्याकडे बघितलं.

मी याचीच वाट बघत होतो, खरं सांगतो. माझं सगळं गणित इथपर्यंतचं होतं — तिथं जमणार नाही आणि ती माझ्याकडे वळेल. वळली. पेटी सोडायला किती वेळ लागला असता? एक दोरी. बस माझ्या मागं, एवढंच म्हणायचं होतं. आळीनं टाळ्या वाजवल्या असत्या.

मी म्हणालो, "माझ्या गाडीचा क्लच गेलाय."

का? तिच्या नजरेत मला पोरगा पहिला आणि मी दुसरा दिसलो म्हणून. त्याच्यावर जमलं नाही म्हणून माझ्याकडे — ते उरलेलं मला नको होतं. इतकी वर्षं मी तिला उरलेलंच दिलं होतं, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. क्लच ठीक होता. त्या आठवड्यातच मी नवीन प्लेटा टाकल्या होत्या.

ती आत गेली, साडी बदलली आणि पुरणाचं बघायला बसली.

निकेश नंतर किती वेळा म्हणाला, मित्राची स्कूटर आणतो काकी, चल. ती म्हणायची, आता मन उडालं रं. मी दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी घेऊन गॅरेजला जात होतो. रोज. तिच्या डोळ्यांसमोर किक मारून. मला वाटलं, बाईमाणसाला क्लचमधलं काय कळतंय.

थंडीत तिला धाप लागायला लागली. पायांवर सूज आली. भिवंडीच्या दवाखान्यात ठेवलं. निकेश रजा टाकून तिच्या उशाशी, मी सकाळ-संध्याकाळ जाऊन यायचो. एका दुपारी गेलो तेव्हा तो औषधं आणायला खाली गेला होता. मी स्टुलावर बसलो, गाडीची चावी हातात फिरवत. काय बोलावं मला सुचत नव्हतं, तिच्याशी कधी सुचलंच नाही.

तिनं चावीकडे बघितलं.

"क्लच झाला का दुरुस्त?"

मी तिच्याकडे बघितलं. ती चिडलेली नव्हती. खरंच विचारत असल्यासारखी विचारत होती.

"झाला," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तेव्हा तरी बोलायचं होतं. खोली रिकामी होती. शेजारची खाटही रिकामी होती. मी चावी खिशात टाकली आणि निकेश येईपर्यंत खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसलो. त्याच आठवड्यात ती गेली.

तिला काय काय कळलं होतं? फक्त क्लचचं, की चारशेचंही? मला माहीत नाही. विचारायला आता कोणी नाही.

दहावं झालं त्या दिवशी घरी येऊन मी पेटी सोडली. खालची सीट पाहिली. पुढची माझी सीट फाटून, शिवून, पुन्हा फाटलेली. मागची पेटीखालची काळी कुळकुळीत, नुसते पत्र्याचे दोन ओरखडे. स्पंज दबलेलासुद्धा नव्हता. मी हात ठेवला तर वर आला. तिथं कोणी बसलंच नव्हतं. मला ती बघवेना. मी पेटी पुन्हा बांधली.

परवा निकेश गॅरेजवर आला. चारशेची घेऊन. तो ती आता फारशी चालवत नाही, झाकून ठेवतो. म्हणाला, "काका, विकतो ही. अंगावर येते मला. तू बिचाऱ्यानं काकीसाठीच मोठी सांगितलीस, चढावर दमू नये म्हणून. सीट मी बघायला पायजे होती. मीच चारशेच्या नादाला लागलो."

अन्वर बाजूला टायर चढवत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"आता कितीची घेऊ?" निकेशनं विचारलं. द्वारका गेल्यावर त्याचं लग्न झालं, आता बायको पोटुशी आहे त्याची. तिला मागं बसवून न्यायचं असेल.

"दीडशे," मी म्हणालो.

"पुरंल? डबल सीट, चढाला?"

"पुरंल."

तेव्हाही पुरली असती. हे शब्द माझ्या तोंडात होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. पोर समोर उभं होतं, डोळ्यांत पाणी आणून, माझ्या पापाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन, आणि मला बिचारा म्हणत होतं.

 तो गाडी सुरू करून गेला तेव्हा मी माझ्या गाडीपाशी वाकून पेटीची दोरी आवळत होतो. ती ढिली नव्हती.